घडीची काठी आणि शंभर नगांचा डबा
खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, घडीची टेलिस्कोपिक काठी घेऊ नका. पिशवीत मावते खरी, पण रेती नि मीठ सांध्यांत शिरतं आणि ती मिटतच नाही. आधीच घेतली असेल तर दर वेळी उघडूनच गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मगच मिटा. अडकलेला सांधा ओढू नका, हलका पिळा. दोन तुकड्यांची ८-९ फुटी फायबरग्लासची काठी कितीतरी टिकाऊ.

रिळावरच्या ‘१३ बेअरिंग’ला भुलू नका, खाऱ्या पाण्यात साधी बेअरिंग गंजून करकरतात. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, तपासा: दोरी झटके न देता सुटली पाहिजे.

शंभर नकली आमिषांच्या डब्यातला गळ पक्कडीने वाकवून बघा. सहज उघडला तर जिताड्यासारखा दांडगा मासा तो सरळच करणार.