माळवदावरची माती

लातूर-धाराशिवकडच्या औसा-उमरगा पट्ट्यात भिंत गवंडी रचायचा, तुळया सुतार बसवायचा. पण एकदा घर उभं राहिलं की माळवदाच्या, म्हणजे सपाट छतावरच्या मातीची काळजी घरातल्या बाईची. वैशाखात शेतातली कामं जरा हलकी झाली की ती पाटी-खोरं घेऊन पांढरी माती आणायला निघायची. काळी चालायची नाही. काळी वाळली की हातहात भेगाळते आणि मृगाच्या पहिल्याच सरीला चुलीवर टपटप सुरू होतं. पांढरी बारीक आणि चिकट, पाणी पडलं की मिटून बसणारी. एकेक पाटी शिडीवरून वर न्यायची, ढेकळं फोडायची, पन्हाळाच्या बाजूला उतार धरून पसरायची, पाणी शिंपडून चोपण्यानं बडवायची. उतार चुकला तर पाणी मधेच तुंबतं आणि नेमकं धान्याच्या कणगीवर गळतं. श्रावणात वर गवत उगवलं की तेही उपटायचं, कारण मुळं खाली गेली की त्याच वाटेनं पाणी घरात येतं.

एवढं करून माळवद परतफेडही करायचं. बाहेर बेचाळीस अंश असताना आत डोळा लागावा इतका गारवा. वर कुरडया, सांडगे, तुरीची डाळ वाळायची आणि उन्हाळ्यात अंथरूणही तिथंच. अशा घराला मागास म्हणणाऱ्यानं लातूरच्या मे महिन्यात सिमेंटच्या स्लॅबखाली एक दुपार काढून बघावी.

खोट एकच होती. माती दरवर्षी पडायची, काढायचं मात्र कुणाच्या मनात यायचं नाही. पावसानं थोडी धुपायची, पण धुपेल त्याहून जास्त पुढच्या वैशाखात चढायची. सासूनं घातलेल्या थरावर सुनेचा थर. फूटभर तर साधारण घरावर असायचीच, जुन्या वाड्यांवर दोन फुटांच्याही वर. दहा बाय बाराची खोली धरा. त्यावर फूटभर माती म्हणजे एकशेवीस घनफूट. कोरड्या मातीचं वजन घनफुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास, म्हणजे डोक्यावर सव्वापाच-साडेपाच टन. पन्नास किलोची शंभरावर पोती छतावर थप्पी लावून ठेवावीत आणि खाली लेकरांना झोपवावं, असा तो हिशोब. अर्थात, तो तेव्हा कुणी मांडलेला नव्हता.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीच्या फार खोल नाही, आणि तोही दख्खनच्या त्या कातळात, जो हलत नाही असं सगळे धरून चालले होते. किल्लारीला आदल्या वर्षापासून बारीक धक्के बसत होते, भांडी वाजत होती. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, अशी गावंच्या गावं मिनिटाच्या आत ढिगारा झाली. हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक अंथरुणात.

घर कोसळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्या भागातल्या बायकांना आता एखाद्या इंजिनिअरसारखं सांगता येतं. दगडी भिंत दोन-तीन फूट जाड, बघायला किल्ला. पण ती एक भिंत नसते, दोन असतात: बाहेरच्या अंगाचा एक थर, आतल्या अंगाचा दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड घालायचा कंटाळा केलेला असतो, कारण असा दगड घडवायला वेळ लागतो आणि मजुरीही. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, बाहेरचा थर पोट काढतो आणि फुटतो. भिंत गेली की वरची माती येते. दगडाखाली सापडलेला माणूस कधी ओरडू तरी शकतो. मातीखाली श्वासच कोंडतो. खणाखणांची लाकडी चौकट जिथं भक्कम जोडलेली होती, तिथं भिंती चारी बाजूंना पडूनही काही ठिकाणी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. खरं तर भिंतीनं नुसतं आडोशाचं काम करायचं आणि भार लाकडानं पेलायचा, ही जुन्या सुतारांची रीत. पुढं लाकूड महागलं, तुळयांची टोकं सरळ भिंतीवर टेकवली गेली, आणि मातीची पाटी मात्र दरवर्षी चढत राहिली.

पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी हलली. कुणाला अडीचशे चौरस फुटांचं घर मिळालं, जास्त जमीनवाल्याला साडेसातशेपर्यंत. रस्ते रुंद आणि काटकोनातले, त्यामुळे शेजारीण हाकेच्या टप्प्यातून गेली. जी गावं जागेवरच राहिली, तिथं दुरुस्तीचं काम निघालं. हजाराहून जास्त गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं, हे मला त्या सगळ्या सरकारी खटाटोपातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. छताची माती सात-आठ इंचांवर आणा, गळू नये म्हणून तिच्याखाली जाड प्लास्टिक घाला. भिंतीत मीटरभर अंतरानं एकेक दगड हळू काढून आरपार भोक पाडा, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरा. खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरकी लाकडं ठोका. हे सगळं चुलीपाशी बसून बाईनं बाईला सांगायचं. पुरुषांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. माती उतरवणं ज्यांच्या हातात होतं त्यांनाच सांगितलं, म्हणून माती उतरली.

तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली पोर आज चाळिशी ओलांडलेली आई आहे. पहाटे पाचला तिचा दिवस निघतो. नळाचं पाणी दिवसाआड येतं म्हणून आधी हंडे-घागरी, मग गॅसवर चहा आणि बाहेरच्या चुलीवर भाकरी, कारण गॅसवर ज्वारीची भाकरी करपते आणि सिलिंडरही संपतो. पोरांचे डबे, म्हशीची धार, सोयाबीनची खुरपणी, गुरुवारी बचत गटाचा हप्ता. भूकंपाची आठवण काढत बसायला तिला सवड नाही. पण घर लावण्याची तिची पद्धत बघितली की कळतं. पितळी घागर, वरवंटा, लोखंडी तवे, जे जे जड ते जमिनीवर. फळीवर फक्त प्लास्टिकचे डबे. लोखंडी कपाट भिंतीला पट्टी मारून आवळलेलं, आणि त्याचं तोंड अंथरुणाकडे नाही. रेशनकार्ड, आधार, सातबारा एका पिशवीत, ती दाराशेजारच्या खुंटीला. उशाला बॅटरी आणि चपला, कारण अंधारात काचांवरून पळायचं असतं. पोरगं भिंतीकडं डोकं करून आडवं झालं की भांडी घासता घासता ती ओरडते, "तिकडं नको रे, पाय कर भिंतीकडं!" पोरगं कुरकुरतं. त्याला भिंत म्हणजे मोबाईलचं चार्जर लावायची जागा.

30 सप्टेंबरला किल्लारीला श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो, पुढारी येतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. तिचं खरं सुतक अनंत चतुर्दशीच्या तिथीला. ढोल वाजतो, गुलाल उधळतो, आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून झालं की त्या रात्री बरीच घरं उशिरापर्यंत जागी असतात.

सिमेंटचं घर मिळूनही कित्येकजणी झोपतात ते बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्येच. पत्रा पडला तर खोक पडेल, जीव जाणार नाही, हे गणित बरोबरच आहे. पण पत्रा वाऱ्यानं उडतो. वळवाच्या पावसात उडून गेला की घरधनी काय करतो? वर दगड ठेवतो. पाच-सात किलोचा एकेक, ओळीनं. 21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोलीकडं धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले, तेव्हा प्रशासनाला सांगावं लागलं की पत्र्यांवरचे दगड काढा.

दगडाला साधा पर्याय आहे. पत्र्याच्या खालच्या लोखंडी पाइपाला अडकणारे जे-हूक, वर वायसर आणि नट. भोक पाडायचं ते पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगटात पाडलं तर तिथून पाणी झिरपतं. वायसराखाली डांबराची किंवा रबराची चकती हवीच, नाहीतर वर्षभरात गंज धरतो. कडेच्या ओळीला हूक जवळजवळ लावायचे, कारण वारा पत्रा उचलतो तो कडेकडून. अख्ख्या शेडला लागणारे हूक एका पिशवीत मावतात आणि बसवायला एक सकाळ पुरते. बाजारातून ते आणायला ती घरधन्याला महिनाभर सांगते आहे. आणले नाहीत तर येत्या रविवारी शिडी लावून दगड तीच खाली उतरवणार, आणि पत्रा तारेनं आवळणार.