पासपोर्टाचा घोळ आणि गावचे तिघे

लिस्बनमध्ये गोवेकर दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. पगार किती, आणि पोर्तुगीज पासपोर्ट केला का? पहिला हसून टाळता येतो. दुसऱ्यावर मात्र घरमालकापासून ऑफिसातल्या गुजराती सहकाऱ्यापर्यंत सगळ्यांचं मत तयार असतं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्याला आपला जन्म लिस्बनला नोंदवता येतो आणि त्याच्या मागोमाग मुलं-नातवंडंही पोर्तुगीज नागरिक होऊ शकतात. हजारो गोवेकर याच वाटेने युरोपात आले. इंग्लंडमधल्या स्विंडनला तर त्यांची वस्तीच झाली. ब्रेक्झिटनंतर ती वाट बंद झाली, तरी बाकीचा युरोप खुला आहेच. माझे बाबा १९५७ चे, म्हणजे मीही रांगेत उभा राहू शकतो.

रेसिडन्स कार्डाची मुदत संपत आली तसं माझं डोकंच चालेना. एजंट म्हणायचा, "नुसता जन्म नोंदवून ठेवा, पासपोर्टाचं मग बघू." सहकारी म्हणायचे, "वेड्या, थांबलास कशाला?" आई फोनवर काहीच बोलायची नाही, ते तर सगळ्यांत वाईट. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लोकांचे अनुभव वाचत बसायचो आणि सकाळी आदल्या दिवशीपेक्षा जास्त गोंधळलेला असायचो.

मग चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात घरी आलो. गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपारीचे घोस, चिबूड, कवंडळं बांधून झाली आणि संध्याकाळी घुमट-शामेळ ही वाद्यं घेऊन आमचे तीन शाळासोबती आरतीला हजर. आरती आटोपली, नेवऱ्यांचं ताट फिरलं आणि विषय निघाला. मीच काढला. इतके महिने ज्यांना विचारत होतो, त्यांतल्या कुणालाही माझं कुळागर, म्हणजे घरची बागायत, ठाऊक नव्हतं. या तिघांनी लहानपणी तिथलेच पेरू चोरलेले.

एक जण मडगावला वकिली करते. तिने पहिलाच प्रश्न टाकला, "काकांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं?"

"अरे, तुझं नंतर. आधी त्यांचा जन्म तिकडे नोंदवावा लागेल. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नुसत्या जन्मनोंदीने नागरिकत्व जातं की नाही, यावरून आपल्याकडे आमदारांपर्यंत प्रकरणं गेलीत. उद्या काकांच्या मतदार कार्डावर कुणी बोट ठेवलं तर?"

बाबा ओसरीवर होते, सगळं ऐकत होते. तिने मग नीट समजावलं. परदेशी नागरिक झाल्यावर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) मिळू शकतं, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कुळागर वारशाने येऊ शकेल. पण शेजारचा तुकडा विकायला निघाला तर हात चोळत बसायचं. तो तुकडा बाबांच्या डोळ्यांत किती वर्षं आहे, हे एजंटाला कुठून कळणार?

दुसरा सरकारी नोकरीत आहे. तो म्हणाला, "आधी कागद बघूया, मग वाद घाला." त्याने खटपट करून बाबांच्या जन्मनोंदीची नक्कल काढून दिली. पोर्तुगीजमधली वळणदार लिखावट. आजोबांच्या विष्णू नावात इंग्रजी एक्स, आणि आडनाव आजच्या आधार कार्डाशी कुठूनही न जुळणारं. म्हणजे प्रतिज्ञापत्रं, दुरुस्त्या, पुन्हा पैसे.

तिसऱ्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. शुक्रवारी मला म्हापशाच्या बाजारात नेलं आणि गाडीत नुसतं विचारलं, "कार्ड रिन्यू होतंय ना? मग घाई कुणाला आहे?" घाई मला होती, कारण जुन्या कामाला कंटाळलो होतो आणि पासपोर्ट मिळाला की सुटलो, असं धरून बसलो होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने चवळी-मिरच्यांचा भाव करता करता काढून घेतलं.

बाय द वे, पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियो कोस्ता मूळ मडगावच्या घराण्यातले, घरचं नाव बाबुश. त्यांना २०१७ मध्ये ओसीआय कार्ड मिळालं. त्यांच्या हाती आपला कागद आणि आपली अर्धी माणसं त्यांच्या कागदाच्या रांगेत!

परत आल्यावर मी कार्ड रिन्यू केलं आणि नोकरी बदलली. जन्म नोंदवलेला नाही. बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव, पण आधी माझ्याशी बोलायचं." तेवढं ठरलंय. नोंदवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही आणि गावात काम नाही, त्याचा हिशेब वेगळा.

एजंटाचा नंबर मागणारे मेसेज मला अजून येतात. नंबर देत नाही. घरच्यांचे जुने दाखले काढा आणि गोव्यातल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, एवढंच कळवतो. आमच्या वकिलीणबाईंनी फी घेतली नाही. पुढच्या चवथीला दोन बाटल्या पोर्ट वाइन आणायची, आणि ड्युटी-फ्रीमधली चालणार नाही, एवढी अट आहे.