रतामाच्या झुडपाखाली

बुधवार, रात्र

आज नैराश्याची गोळी सुरू होऊन 19 दिवस झाले. सकाळी कुणी न सांगता अंघोळ केली. लिहून ठेवते.

झालं ते अचानकच. घरात कुणी गेलं नव्हतं, कुठलं संकट नव्हतं. कणीक मळता मळता हात थांबले आणि वाटलं, आता पुढची पोळी कशाला? त्या रात्री अडीचला झोप मोडली, मग रोजच मोडू लागली. तोंडाची चव गेली. रविवारी चर्चच्या उपासनेत सगळे उभं राहून गात होते, मी बाकाची कड धरून बसले. चाल पाठ, शब्द पाठ, आत काहीच हलेना. प्रभूच मला सोडून गेला की काय, ही भीती सगळ्यांत मोठी होती.

मंडळीतल्या एका बाईंनी मायेनंच सांगितलं, "विश्वास कमी पडतोय, उपास धर." आधीच घास उतरत नव्हता. मधुमेहाच्या गोळीला कुणी अविश्वास म्हणत नाही, मग मनाच्या दुखण्यालाच का?

पाळकसाहेब आले, त्यांनी उपदेश केला नाही. बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचला आणि म्हणाले, "ताई, उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येतो."

तो अध्याय तेव्हापासून मनातून जात नाही. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपानं रानात पळतो, रताम नावाच्या रानझुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला रागवत नाही. दूत येतो, निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, तेही खायलाच, कारण वाट लांबची आहे. 'इथं काय करतोस?' हा प्रश्न 40 दिवसांनी, होरेब डोंगरावर. आधी भाकर आणि झोप. माझी गोळी मी त्या भाकरीसारखी घेते.

डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करायला लावली. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, बरं वाटलं तरी मनानं बंद करू नका, म्हणाल्या. मग सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" मी हो म्हटलं. हे तोंडानं पहिल्यांदाच उच्चारलं, आणि खोलीतून बाहेर येऊन ह्यांनाही सांगितलं. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. तिथं रात्रीही कुणी तरी फोन उचलतं. एकदा तीनला लावला होता.

स्तोत्र 88 पूर्वी वगळून पुढं जायचे. बाकीची विलापस्तोत्रं बहुधा शेवटी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याची सुरुवात तारण करणाऱ्या देवाला हाक मारून होते. स्तुती जमत नाही तेव्हा मी तेवढी हाकच मारते.

आज कुटुंब प्रार्थना धाकटीनं केली. मला शब्द सुचले नाहीत, आमेन म्हटलं. अर्धी भाकरी गेली. अडीचला जाग आलीच तर म्हणून 88 व्या स्तोत्रात फीत घालून ठेवली आहे.