मराठी साइटवर शोधखिडकी आणि तिच्याभोवती जाहिराती: माझा अनुभव

आपल्या साइटवर शोधखिडकी ठेवायची, तिच्या निकालांसोबत जाहिराती दाखवायच्या आणि त्यातून चार पैसे मिळवायचे, याला परवानगी असते का? असते. शेतीविषयक लेखांच्या एका मराठी साइटवर हे काम मी पूर्ण केले आहे. खाते उघडणे, पत्ता पडताळणे, ॲड्स.टीएक्सटी ही फाइल (आपल्या साइटवर जाहिराती विकायची परवानगी कोणाला आहे ते सांगणारी) डोमेनच्या मुळाशी ठेवणे, हे सगळे सरळ होते. त्यावर लिहीत बसत नाही. मला लिहायचे आहे ते एका नियमाबद्दल. तो मराठी साइटला कसा अडवतो, हे मला कोणीही धड सांगितले नाही.

आधी रस्ते किती ते पाहू. पहिला, गूगलचे प्रोग्रामेबल सर्च इंजिन. त्याची तयार खिडकी फुकट मिळते, पण निकालांत गूगलच्या जाहिराती येतात. साइटवर जाहिराती लावून प्रकाशकाला पैसे देणारी गूगलची सेवा म्हणजे ॲडसेन्स. खिडकी आपल्या ॲडसेन्स खात्याला जोडली तर त्या जाहिरातींचा वाटा आपल्याला मिळतो. नोंदणीकृत सेवाभावी किंवा शैक्षणिक संस्था असेल तर जाहिराती बंदही करता येतात. दुसरा रस्ता, निकाल आपल्या स्वतःच्या शोधयंत्राचे आणि त्यांच्या वर-खाली ॲडसेन्स फॉर सर्चच्या जाहिराती. ही सोय सरसकट प्रत्येक खात्याला मिळत नाही, ती मागावी लागते. माझा आग्रह दुसऱ्यासाठी होता, कारण तयार खिडकी मराठीच्या विभक्तींशी आणि शुद्धलेखनाशी आपल्याला हवी तशी वागवता येत नाही. साइटवर आठशे शब्दांचा लेख असूनही वाचकाला तो सापडला नाही तर त्या खिडकीचा उपयोग काय?

आता तो नियम. जाहिरातींकडे जाणारा शोधशब्द वाचकाने स्वतः खिडकीत टाकलेला असला पाहिजे आणि तो मध्ये बदलता कामा नये. खिडकीत आधीच शब्द भरून ठेवणे, किंवा ‘लोक काय शोधतात’ अशी यादी करून थेट जाहिरातींच्या निकालपानाकडे दुवे देणे, दोन्ही निषिद्ध. कारण रास्त आहे. शोधाच्या जाहिरातीत जाहिरातदार पैसे मोजतो ते वाचकाच्या गरजेसाठी. ‘ट्रॅक्टर कर्ज’ हे शब्द वाचकाने टाकले तर त्याला कर्ज हवे असण्याची शक्यता आहे. प्रकाशकाने टाकले तर जाहिरातदाराची फसवणूक होते. या नियमाच्या हेतूवर माझा काडीचाही आक्षेप नाही.

अडचण ‘बदलता कामा नये’ या शब्दांत आहे. मराठी शोध बदल केल्याशिवाय चालतच नाही.

‘शेतकऱ्यांना’ हाच शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ किमान तीन प्रकारे साठवलेला सापडतो. एक, युनिकोडचा (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) स्वतंत्र ‘ऱ’, क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला तिन्ही सारखे, यंत्राला तीन वेगळे शब्द. युनिकोडचे प्रमाणीकरण (एनएफसी), म्हणजे एकाच अक्षराची वेगळी साठवण एका रूपात आणणे, चालवले की पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ‘र + हलन्त + जोडचिन्ह’ या तिकडीचा ‘ऱ + हलन्त’ करा आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढा. उलट केले तर जोडचिन्ह गळून पडते आणि ‘शेतकऱ्यांना’चा रफार होऊन ‘शेतकर्यांना’ तयार होते. मग अर्धे लेख कायमचे हरवतात. ‘ॲ’चेही तेच. एक अक्षर म्हणून तो ०९७२ आहे, पण बरेच कळफलक अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे टाकतात. ही दोन रूपे एनएफसीने एक होत नाहीत.

त्यावर ऱ्हस्व-दीर्घ. ‘सोयाबीन’ आणि ‘सोयाबिन’ दोन्ही भरपूर टाकले जातात, ‘ऊस’ जितका तितकाच ‘उस’. त्यातून विभक्ती: लेखात ‘कांद्याची’, ‘कांद्यावरील’, ‘उसाला’ असते आणि वाचक शोधतो ‘कांदा’, ‘ऊस’. नुसत्या अक्षरजुळणीला ‘कांद्यावरील’मध्ये ‘कांदा’ दिसत नाही. म्हणून मी इकार-उकार ऱ्हस्व करतो, शेवटचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये छाटतो आणि सामान्यरूपाची जोडी मूळ शब्दाशी लावतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकत्र येतात, तेवढे चालवून घ्यावे.

आता प्रश्न असा: वाचकाने ‘उस’ टाकले, मी आतून ‘ऊस, उसा’ केले, तर जाहिरातींकडे कोणता शब्द गेला तर चालेल? सुधारलेला शब्द पाठवला तर जाहिरात नेमकी येईल, पण तो वाचकाने टाकलेला नाही. आम्ही ज्या मध्यस्थ एजन्सीमार्फत ही सोय घेत होतो, तिच्या मदतकक्षाला हा एवढाच प्रश्न विचारला. उत्तरात धोरणाचा तोच परिच्छेद चिकटवून आला. पुन्हा विचारले, पुन्हा तोच परिच्छेद, खाली ‘आपला प्रश्न सुटला असे समजून ही नोंद बंद करत आहोत’. प्रश्नातला मराठी शब्द त्यांच्या पडद्यावर चौकटी-चौकटीच दिसत असावा, असा माझा दाट संशय आहे. खाते बंद झाले तर नुकसान प्रकाशकाचे होते, एजन्सीचे नाही. म्हणून अशा उत्तराचा राग येतो आणि तो अजून गेलेला नाही. होय किंवा नाही, एवढेच हवे होते!

शेवटी उत्तर निघाले ते प्रश्नाची मांडणी बदलल्यावर. धोरण, परवानगी असले शब्द काढून टाकले. एकाच पानाची दोन चित्रे जोडली, ‘अ’मध्ये वाचकाचा मूळ शब्द जाहिरातींकडे, ‘ब’मध्ये सुधारलेला. पानाचा पूर्ण पत्ता दिला आणि विचारले: अ की ब? उत्तर आले, अ. तुम्हालाही असे काही विचारायचे असेल तर असेच विचारा: एका पत्रात एक प्रश्न, चित्रासह, दोनच पर्याय.

म्हणून रचना अशी ठेवा. खिडकीतून आलेला शब्द लगेच दोन वाटांना लावायचा. एका वाटेने तो जसाच्या तसा जाहिरातींच्या कोडकडे जातो, फक्त पुढची-मागची मोकळी जागा काढून. दुसऱ्या वाटेने तो प्रमाणीकरण, छाटणी, जोड्या असे सगळे संस्कार घेऊन आपल्या लेखांच्या शोधसूचीकडे (इंडेक्सकडे) जातो. दोन वाटा कोडमध्ये वेगळ्या नावांनी ठेवा, नाहीतर पुढे कोणीतरी ‘सोपे करायला’ त्या एक करून टाकेल. ‘तुम्हाला हे म्हणायचे होते का?’ अशी सूचना दाखवत असाल, तर तिच्यावर टिचकी मारून उघडलेल्या पानावर जाहिरात बोलावूच नका. थोडे पैसे जातात, पण झोप लागते. लोकप्रिय शोधांची यादी हवीच असेल तर तिचे दुवे थेट लेखांकडे न्या. लेखपानांवर शोधसूचना दाखवायची गूगलची स्वतःची वेगळी सोय आहे, रिलेटेड सर्च नावाची. तिच्यातले दुवे त्यांच्याच व्यवस्थेतून येतात, आपण हाताने तशी यादी बनवणे निराळे.

डेटाबेसबद्दल, आठवले म्हणून इथेच. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी प्रकारातल्या शोधसूचीत मूळ मांडणीनुसार तीन अक्षरखुणांपेक्षा छोटा शब्द घेतला जात नाही. ‘ऊस’ दोनच खुणांचा आहे. म्हणजे उसावरचे सगळे लेख साइटवर असूनही ‘ऊस’ शोधल्यावर शून्य निकाल. किमान लांबी दोन करा, सर्व्हर पुन्हा चालू करा आणि सूची नव्याने बांधा. नुसती मांडणी बदलून जुनी सूची सुधारत नाही. एनग्रॅम पार्सर हा दुसरा मार्ग, तो मुळातच दोन-दोन खुणांचे तुकडे करतो, पण मग कामाचे निकाल वर आणायची जबाबदारी तुमची.

शून्य निकालाच्या पानावर जाहिरात नको. मजकूर नसलेल्या पानावर जाहिराती चालत नाहीत आणि ‘काही सापडले नाही’ हा मजकूर नव्हे. आधी निकाल मोजा, मग जाहिरातींचे कोड बोलवा.

लोक शोधखिडकीत मोबाइल क्रमांक टाकतात, ईमेल टाकतात, कधी आधार क्रमांकही. शोधशब्द पानाच्या पत्त्यात जातो, पत्ता जाहिरातींच्या कोडला दिसतो आणि ओळख पटेल अशी माहिती गूगलकडे जाऊ देणे नियमाबाहेर आहे. सलग दहा किंवा जास्त अंक, किंवा ॲट चिन्ह दिसले की ते पान जाहिरातींशिवाय दाखवा. देवनागरी अंकही तपासा, ते हमखास राहून जातात.

निकालपाने गूगलच्या शोधात येऊ देऊ नका, नोइंडेक्सची खूण लावा. काही टोळ्या खोटा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधशब्द म्हणून घालून दुसऱ्यांच्या शोधपानांचे दुवे पसरवतात, मग तो क्रमांक आपल्या साइटच्या नावाने शोधात झळकतो आणि एखादा वाचक फसतो. म्हणून पानाच्या शीर्षकातही शोधशब्द छापू नका. रोबॉट्स फाइलमधून (कोणत्या यंत्राने साइटवर कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या) मात्र मीडियापार्टनर्स-गूगल या, ॲडसेन्ससाठी पाने वाचणाऱ्या यंत्राला नाव घेऊन अडवले नाही ना, ते पाहा. सर्व यंत्रांसाठीचा तारांकित (*) नियम ते पाळत नाही, नावानिशी लिहिलेला पाळते.

जाहिरात निकालासारखी दिसता कामा नये: वेगळी पार्श्वभूमी, वर स्पष्ट ‘जाहिरात’, शेजारी आपले चित्र नाही. चाचणी करताना जाहिरातींच्या कोडमधली ॲडटेस्टची कळ (ही जाहिरात चाचणीपुरती आहे असे सांगणारी) चालू ठेवा आणि थेट जाहिरातीवर स्वतः कधीही टिचकी मारू नका.

काहींना जाहिराती हाच मजकूर करायचा असतो: आपल्या पानांवर येणाऱ्या जाहिराती गोळा करून त्यांचेच शोधयंत्र. ते करू नका. त्या दुसऱ्या डोमेनच्या चौकटीत येतात, प्रत्येक वाचकाला वेगळ्या दिसतात आणि उतरवून घेणे कराराविरुद्ध जाते. कोण काय जाहिरात करतो हे शोधायचे असेल तर गूगलचे ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर २०२३ पासून आहे, मेटाची ॲड लायब्ररीही आहे. तिथे शोधा आणि आपल्या लेखातून दुवा द्या.

पैशांबद्दल. गूगलने २०१० मध्ये आपले वाटे जाहीर केले, तेव्हा लेखांशेजारच्या जाहिरातींत प्रकाशकाला ६८ टक्के आणि शोधाच्या जाहिरातींत ५१ टक्के, असा हिशेब होता. म्हणजे शोधातली टिचकी महाग असली तरी वाटा कमी. मराठी शब्दांवर बोली लावणारे जाहिरातदार थोडे असल्याने बऱ्याच शोधांना जाहिरातच येत नाही. अशा वेळी राखून ठेवलेली जागा रिकामी पांढरी राहते आणि पहिला निकाल मोबाइलच्या पडद्याखाली ढकलला जातो. जाहिरात आली नाही की ती चौकट आपोआप मिटेल असे कोड लावा आणि ते स्वस्तातल्या फोनवर, मंद नेटवर तपासून घ्या.