शाफ्ट शेवटी नाही, आधी मोजायचा : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचं, वर्कशॉप आहे. बाबांनी एक लेथ आणि एक हायड्रॉलिक प्रेस एवढ्यावर चालू केलं. तेव्हा काम म्हणजे ट्रक, टेम्पो आणि ऊस वाहतुकीच्या गाड्यांच्या शाफ्टचे क्रॉस (टोकाचे अधिकच्या आकाराचे सांधे) बदलायचे, सेंटर बेअरिंग (लांब शाफ्टचा मधला आधार) टाकायचं, पिळलेला पाईप कापून नवा घालायचा. साखर कारखान्यांचा सीझन लागला की रात्रीचा डबापण वर्कशॉपातच यायचा, कारण गाडी उभी राहिली की तिकडं तोडलेला ऊस वाळत पडतो आणि मालक बिचारा आमच्या दारात बसून राहतो.

इंजिन बदललेल्या गाड्या आमच्याकडं आल्या त्या डिझेलमुळं. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन, अँबेसिडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन, त्या काळात पेट्रोल-डिझेलच्या भावात मोठा फरक होता म्हणून लोक हा खर्च करायचे. गॅरेजवाले इंजिन बसवायचे, गिअरबॉक्स जोडायचे, माउंटिंग वेल्ड करायचे, आणि सगळं झाल्यावर शाफ्ट पोत्यात घालून कुणाच्यातरी हातात आमच्याकडं पाठवायचे, सोबत चिठ्ठी, 'चार इंच कमी करा'. बाबा चिठ्ठी वाचायचे, शाफ्ट भिंतीला उभा करून ठेवायचे आणि उलटा निरोप धाडायचे, 'मेस्त्रींना म्हणावं गाडी घेऊन या.' त्यावरून काही गिऱ्हाईकं तुटली पण. पण आमचं आज जे काही नाव आहे ते त्या एका निरोपावर उभं आहे असं मला मनापासून वाटतं.

कारण लांबी ही गाडी चाकांवर उभी असतानाच मोजायची असते. जॅकवर गाडी उचलली की ॲक्सल खाली लोंबकळतो, अंतर वाढतं, त्या मापानं शाफ्ट केला की तो जास्त लांब होतो, आणि मग गाडीत माणसं बसली, खड्ड्यात पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबले की स्लिप योकला (शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या टोकाला) आत जायला जागाच उरत नाही आणि सगळा दणका गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर जातो. आम्ही स्लिपमध्ये आत जायला साधारण २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा सोडतो, आणि चाक पूर्ण खाली लोंबलं तरी स्प्लाइन (सरकत्या भागाचे लांब दाते) पुरेशी धरलेली राहते ना तेही बघतो. दोन्ही बघावं लागतं.

लांबीनंतर फ्लँज, म्हणजे शाफ्ट बोल्टनं जोडायची गोल चकती. इथं लोक फार घाई करतात. चार बोल्ट भोकात गेले म्हणजे फ्लँज जुळली असं नसतं. फ्लँज सेंटरला बसते ती मधल्या गोल खांद्यावर, बोल्टवर नाही. गिअरबॉक्स एका कंपनीचा, डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा डबा) दुसऱ्याचं, बोल्टचं वर्तुळ योगायोगानं सारखं निघतं पण खांद्याच्या मापात अर्धा मिलिमीटर ढिलाई असली तर शाफ्ट तेवढा बाजूला बसून फिरणार, आणि तो मशीनवर कितीही चांगला बॅलन्स केला तरी गाडीत थरथरणारच. म्हणून आम्ही व्हर्नियर घेऊन आधी खांदा मोजतो, मग बोल्ट.

मग क्रॉस. जुन्या जीपला बहुतेक १३१० सिरीजचा क्रॉस असतो, टोकावरच्या कॅपचा व्यास २७ मिलिमीटर आणि एका बाजूच्या कॅपपासून समोरच्या कॅपपर्यंत साधारण ८२. १३५० सिरीजमध्ये हेच ३० आणि ९२ होतं. गिअरबॉक्सला एक साइज आणि पिनियनला (डिफरन्शियलच्या ज्या छोट्या गिअरला शाफ्ट जोडतो त्याला) दुसरी असेल तर दोन बाजूंना दोन मापं असलेला कॉम्बिनेशन क्रॉस मिळतो, आम्ही तो वापरतो पण, मात्र गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगून की लहान बाजूची जेवढी ताकद तेवढीच सगळ्या शाफ्टची. हिशोब अवघड नाही, कुणीही करू शकतं. इंजिनचा टॉर्क गुणिले पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याचा) लो गिअर. जुन्या प्यूजो डिझेलचा टॉर्क साधारण १२० न्यूटन-मीटर धरा, पहिला गिअर ४ धरा, जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसचा लो २.४६, म्हणजे शाफ्टवर जवळपास ११८० येतो. त्याच गाडीत १८० न्यूटन-मीटरचं इंजिन टाकलं की तो १७७० च्या वर. गाडी तीच, चेसी तीच, रस्ता तोच, पण शाफ्टवरचा भार दीडपट झाला! इंजिनची पॉवर सगळे अभिमानानं सांगतात, हा गुणाकार करून येणारा क्वचित भेटतो.

स्पीडचं मात्र उलटं आहे, आणि चांगल्या चांगल्या मेस्त्रींनाही ते समजावून सांगावं लागतं. गाडी ८० च्या स्पीडनं पळताना शाफ्ट किती फिरणार हे फक्त टायर आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) ठरवतात, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठलाही असू दे. टायरचा घेर २.२ मीटर आणि क्राउनचा रेशो ४.८८ असेल तर मिनिटाला साधारण २९५० फेरे. पाचवा गिअर आला म्हणून इंजिन निवांत झालं तरी शाफ्ट तेवढाच फिरतोय, आणि नवं इंजिन आल्यावर माणूस ८० वर थोडाच थांबतो, तो हायवेला ११० नं जातो, म्हणजे शाफ्ट ४००० च्या पुढं.

इथं लांबी परत आडवी येते. प्रत्येक पाईपला एक स्पीड असा असतो की तिथं तो मधोमध धनुष्यासारखा वाकून फिरायला लागतो. अडीच इंची, सव्वादोन मिलिमीटर जाडीचा पाईप आणि लांबी १३०० मिलिमीटर, तर हिशोबानं हा स्पीड ६१०० च्या आसपास येतो. लांबी १६०० केली की तोच ४००० वर उतरतो, कारण लांबीच्या वर्गानं तो कमी होतो. वापरायचा त्याच्या तीन चतुर्थांशपर्यंतच. म्हणून लांब गाडीत आखूड गिअरबॉक्स बसवला आणि शाफ्ट लांबवायची वेळ आली की आम्ही नुसता पाईप वाढवून देत नाही, एकतर जास्त व्यासाचा पाईप, नाहीतर दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग. जाड पत्र्याचा पाईप मागणारे येतात, पण पत्रा जाड करून हा स्पीड वाढत नाही, व्यास वाढवायला लागतो.

जीपचं दुखणं वेगळं. एमएम-५४० चा व्हीलबेस ९१ इंच, त्यात चार गिअरचा बॉक्स काढून लांब पाच गिअरचा घातला की ट्रान्सफर केस मागं सरकतो, मागचा शाफ्ट अगदी आखूड होतो आणि त्याचा अँगल चढतो. क्रॉस अँगलमध्ये फिरताना एका फेऱ्यात दोनदा पुढं-मागं होतो, १० अंशाला जवळपास दीड टक्का जलद आणि दीड टक्का मंद. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच अँगलवर असेल, आणि दोन्ही योक (शाफ्टच्या टोकाचे, क्रॉस धरणारे कान) एका रेषेत असतील, तर तो हा फरक खाऊन टाकतो. म्हणून गिअरबॉक्सचा आउटपुट आणि पिनियन समांतर हवेत. पाट्याखाली पाचर घालून पिनियन उचलता येतो, पण इंजिनचं माउंटिंग वेल्ड व्हायच्या आधी आला असता तर तिथंच दोन अंश वाचले असते, हे वाक्य आमच्या वर्कशॉपात रोज कुणीतरी म्हणतंच. अगदी शून्य अँगलपण नको बरं का, क्रॉसच्या कॅपमधल्या बेअरिंगच्या सुया जागेवरच बसून राहतात आणि खाचा पाडतात, अर्धा-एक अंश लागतोच.

आणि ती योकची रेष! शाफ्ट उघडला, ग्रीस भरलं, परत स्लिप घातली, १६ दातांच्या स्प्लाइनवर एकच दात चुकला तर साडेबावीस अंशांचा फरक पडतो. गाडी गुंगुं आवाज करते आणि लोक बेअरिंग बदलत बसतात. आमच्याकडनं जाणाऱ्या प्रत्येक शाफ्टवर म्हणून छिन्नीनं दोन बाण मारलेले असतात, पेंट उडून जातो, छिन्नीची खूण राहते.

बॅलन्सिंग मशीन आमच्याकडं फार उशिरा आलं. त्याआधी आम्ही डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून पाईप सरळ करायचो आणि गाडीतच होज क्लिपनं बॅलन्स काढायचो. पाईपवर खडूनं चार भाग पाडायचे, क्लिपचा स्क्रू एका भागावर ठेवून गाडी पळवून आणायची, मग पुढच्या भागावर, थरथर कुठं कमी होते बघायचं, मग दुसरी क्लिप लावून दोघींचे स्क्रू थोडे थोडे लांब करत न्यायचे. बाबांचा हात सीटखाली पत्र्यावर टेकलेला असायचा, त्यावरनं ते सांगायचे. मशीनसाठी बँकेचं कर्ज काढलं तेव्हा घरात सगळ्यांना धाकधूक होती, पण पुण्या-साताऱ्याकडचं आणि गोव्याचं काम यायला लागलं ते त्या मशीनमुळंच. आता दोन्ही टोकांना किती ग्रॅम आणि कुठं ते स्क्रीनवर दिसतं, पट्टी स्पॉट वेल्ड केली की झालं. तरी मशीनवर चढवायच्या आधी डायल लावायचाच, वाकडा पाईप वजन लावून सरळ होत नाही.

आता जिप्सी जास्त येतात. जुन्या एक लिटरच्या जिप्सीत १.३ इंजिन, कुणी जुन्या बलेनोचं १.६ घालतो. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, मध्ये एक छोटा शाफ्ट. लोक म्हणतात बरंय, पुढचा-मागचा तसाच राहतो, फक्त छोटाच करायचा. खरं आहे, पण आखूड शाफ्ट अजिबात माफ करत नाही. गिअरबॉक्स १० मिलिमीटर बाजूला बसला तर १३०० च्या शाफ्टला अर्धा अंशसुद्धा फरक पडत नाही, तेच २५० च्या शाफ्टला सव्वादोन अंश.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं काम आम्ही घेतो पण एका अटीवर, सीव्ही जॉइंटचा (गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंत जाणारा) दांडा कापून वेल्ड करून मागायचा नाही. तो दांडा हार्डनिंग केलेला असतो, वेल्डच्या उष्णतेनं ती ताकद जाते आणि तुटला तर चालत्या गाडीत, वळणाऱ्या पुढच्या चाकाशी तुटतो. आत गिअरबॉक्सच्या दातांचा जॉइंट, बाहेर हबच्या दातांचा, आणि मधला दांडा नवीन बनवून हीट ट्रीटमेंट करून, डाव्या-उजव्याची लांबी वेगळी, एवढं करायचं असेल तरच या. महाग पडतं, माहीत आहे.

कागदाचंपण आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं मनाला येईल तसा बदल चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलंय, त्यामुळं आरटीओत विचारूनच इंजिनाला हात घाला, आम्ही पण आता आरसी बघितल्याशिवाय रस्त्यावरच्या गाडीचं काम घेत नाही.

येताना इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर ठेवून, माउंटिंग फक्त टाचून आणा, पूर्ण वेल्ड नको. टायर जे कायम वापरणार तेच लावलेले, हवा भरलेली, टाकीत निम्मं तरी डिझेल, क्राउनचे दात मोजून लिहून आणलेले. जुना शाफ्ट टाकून देऊ नका, त्याचा योक बऱ्याचदा कामाला येतो. सकाळी गाडी आली तर माप, अँगल, फ्लँज दुपारपर्यंत होतं, आणि पाईप आम्ही तुमच्यासमोरच कापतो.