आयरिश पुराणातली पोरं आणि आपली फँटसी

केल्टिक मिथॉलॉजीवरच्या, म्हणजे आयर्लंड-वेल्सकडच्या जुन्या पुराणकथांवरच्या यंग अडल्ट फँटसी मी कॉलेजपासून वाचतेय, आजही नवीन काही हाती आलं की बाकी सगळं बाजूला राहतं, पण हल्ली एक गोष्ट फार खटकायला लागलीये. बऱ्याच कादंबऱ्यांत आयर्लंड म्हणजे धुकं, हिरव्या टेकड्या आणि एक कमालीचा देखणा फेअरी राजपुत्र, बास. तो राजपुत्र उचलून दुसऱ्या कुठल्याही देशात नेऊन ठेवला तरी काही बिघडणार नाही. आणि मूळ आयरिश कथा वाचायला घ्याल तर लक्षात येईल की त्या आधीपासूनच पोरांच्या आहेत, त्यात वेगळं तरुणपण आणून घालावं लागतच नाही.

कू खुलिनचंच घ्या. अल्स्टरचा, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताचा सगळ्यात मोठा वीर, मूळ नाव सेतांता. कुलन लोहाराचा राखणीचा कुत्रा अंगावर आला म्हणून या पोराने त्याला मारलं आणि मग लोहाराचं तोंड बघून म्हणाला, नवीन पिल्लू मोठं होईपर्यंत तुझी राखण मी करतो. म्हणून कू खुलिन, कुलनचा कुत्रा. पुढे ७ वर्षांचा असताना काथबाद नावाच्या ड्रुइडचं, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या पुरोहिताचं बोलणं त्याच्या कानावर पडतं, की आज जो हत्यार हातात घेईल त्याचं नाव कायम राहील पण आयुष्य थोडकं असेल, आणि हा तडक राजाकडे जाऊन हत्यारं मागतो!

टॉइन या महाकथेत राणी मेव्ह एका बैलासाठी अल्स्टरवर चालून येते तेव्हा तो १७ वर्षांचा आहे आणि नदीच्या उताराशी एकटा उभा आहे. एकटा का, तर बाकीचे सगळे पुरुष कळा सोसत पडलेत. माखा नावाच्या गरोदर बाईला राजाने भर जत्रेत आपल्या घोड्यांशी पळायला लावलं होतं, ती गयावया करत होती, कोणी मध्ये पडलं नाही. ती शर्यत जिंकली, तिथेच जुळ्यांना जन्म दिला आणि शाप दिला की ऐन संकटात तुम्हाला बाळंतपणाच्या कळा येतील, नऊ पिढ्या. कू खुलिन त्यातून सुटलेला. मला विचाराल तर या शापात जेवढा राग भरलाय तेवढा दहा कादंबऱ्या मिळून सापडत नाही.

त्याच उतारावर त्याच्यासमोर मेव्हच्या बाजूने लढायला त्याचा जिवलग दोस्त फर्दिया येतो, दोघं एकाच गुरूकडे शिकलेले. पहिले दोन दिवस संध्याकाळी लढाई थांबली की एकमेकांना मिठी मारतात, जखमांवर लावायचा पाला कू खुलिन पाठवतो, फर्दिया त्याला जेवणातला वाटा पाठवतो. तिसऱ्या रात्री काहीच पाठवत नाहीत. चौथ्या दिवशी फर्दिया मरतो. लाउथ परगण्यातलं आर्डी हे गाव त्याच्याच नावाचं आहे.

आणि गेश! म्हणजे माणसावर घातलेलं बंधन, मोडलं की घात. कू खुलिनने कुत्र्याचं मांस खायचं नाही, आणि चुलीवरून दिलेलं अन्न नाकारायचंही नाही. शेवटच्या लढाईला जाताना वाटेत तीन म्हाताऱ्या कुत्रा भाजत बसलेल्या असतात आणि त्याला बोलावतात. संपलं. शाप, वर, प्रतिज्ञा हे सगळं महाभारतातून आपल्या अंगवळणी पडलंय म्हणून असेल, पण इथे माझ्या काळजाचा ठोका चुकतो. जादूची किंमत अशी हवी, हिरोला दोन्हीकडून बांधणारी. हल्लीच्या पुस्तकांत नायिका दोन प्रकरणांत शक्ती शिकते आणि तिचं काहीच जात नाही.

इतिहास यात कुठे येतो? पॅट्रिक पिअर्सने १९०८ साली डब्लिनमध्ये मुलांसाठी शाळा काढली, तिथे भिंतीवर कू खुलिन हत्यार घेतानाचं चित्र होतं, तोच थोडक्या आयुष्याचा प्रसंग. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावात त्या शाळेतले काही माजी विद्यार्थी पिअर्सबरोबर होते, पिअर्सला ३ मे रोजी गोळ्या घातल्या. ज्या पोस्ट ऑफिसातून उठाव झाला तिथे आज मरणाऱ्या कू खुलिनचा पुतळा आहे, दगडाला बांधून घेतलेला, खांद्यावर पक्षी. आणि उत्तरेत बेलफास्टला विरुद्ध बाजूच्या, ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या लॉयलिस्ट लोकांनीही त्यालाच भिंतीवर रंगवलाय, अल्स्टरचा रक्षक म्हणून. एकच पोरगा, दोन्ही बाजूंचा! वर्गात रोज ते चित्र बघत मोठा झालेला एखादा मुलगा घेऊन कोणी फँटसी लिहिली तर मी रात्रभर जागून वाचेन.

किंवा भुकेलं गवत घ्या. माळावर असा एखादा पट्टा असतो म्हणे, की त्यावर पाय पडला की माणसाला न शमणारी भूक लागते. आयर्लंडमधल्या १८४५ ते १८५२ च्या दुष्काळाशी लोकांनी हे जोडलंय, त्यात साधारण १० लाख माणसं गेली आणि तेवढीच देश सोडून गेली, आणि देशातून धान्य बाहेर जातच होतं. यात राक्षस वेगळा शोधायची काय गरज आहे?

लिहिणाऱ्यांसाठी खजिना उघडाच पडलाय खरं तर. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडच्या २६ परगण्यांतल्या शाळांमधल्या सुमारे ५० हजार मुलांनी घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी वहीत उतरवल्या, फेअरींच्या, भुतांच्या, दुष्काळाच्या, औषधांच्या. दूखस नावाच्या साइटवर त्या वह्यांची पानं स्कॅन करून ठेवलीत, फुकट, त्याच मुलांच्या अक्षरात. सुरुवात लाउथपासून करा, टॉइनचा मुलूखच तो.