वर पत्रा, खाली पैसा

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीत छोट्या गाड्या आणि सिमेंट, दोन्ही एकाच दिवशी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आली. आमच्या घरात त्यातली पहिलीच बातमी पोचली. गाडी दारात आली, लिंबू चिरडून झालं, पेढे वाटून झाले आणि मग सोलापूरचा मार्च आला. गाडीला छप्पर हवं, हे तेव्हा सगळ्यांना एकदम सुचलं.

इथं दुपारी स्टिअरिंगला हात लावायचा तर रुमाल लागतो. सध्या गाडी कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभी असते. सावली फुकट आहे, पण टपावर पाखरांची वाळलेली शीट रोज खरवडावी लागते आणि पुढं निंबोळ्यांचा चिकटा आहेच.

फॅब्रिकेटर आला, टेप टाकला. “दहा बाय सोळा घ्या साहेब.” चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे तेरा फूट, पुढं-मागं माणूस फिरायला जागा. भाव चौरस फुटाला अडीचशे. मी मनात चाळीस हजार मांडले, त्यानं चोपन्न सांगितले. तो जमीन मोजत नाही, पत्रा मोजतो. पत्रा चारी बाजूंनी फूटभर बाहेर काढायचा, म्हणजे बारा बाय अठरा.

दुसऱ्यानं भाव किलोवर दिला. यातली मेख कळायला थोडा वेळ जातो. दोन इंची चौकोनी पाईप दोन मिलिमीटर जाडीचा असला, तर वीस फुटी नग अठरा किलोच्या आसपास भरतो. सव्वा मिलिमीटरचा साधारण अकरा-बारा. रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फुटावर भाव ठरला की पाईप हळूहळू पातळ होतो, किलोवर ठरला की नको तिथंही जाड होतो. तेव्हा भाव कसाही ठरवा, पाईपची जाडी कागदावर लिहून घ्या आणि माल आला की वजन-काट्याची पावती मागा. फॅब्रिकेटरचं तोंड वाकडं झालं तरी चालेल.

घरात मात्र चर्चा रंगाची. बाबांना निळा पत्रा हवा, बायकोला विटकरी. मुलाला पारदर्शक पॉलीकार्बोनेट, म्हणजे ऊन अडवायला खर्च करायचा आणि उजेडाच्या नावाखाली तेच आत घ्यायचं. शेडचा विषय निघाला की माणसं वर बघतात. पैसा जातो तो खाली.

आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा केला की दोन पावसाळ्यांत तडकतो. म्हणून फूटभर माती काढायची, दीड-दोन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करायचं आणि मग चार इंच काँक्रीट. काँक्रीट भरतं अर्धा ब्रासच, पण त्याला बाराएक पोती सिमेंट जातं. खांबांचे खड्डे वेगळे. यातलं काहीही फॅब्रिकेटरच्या चोपन्न हजारांत नाही. विचारलं तर म्हणतो, “ते गवंड्याचं काम.” गवंडी म्हणतो, खड्डे फॅब्रिकेटरच घेतो. दोघांच्या मधला खर्च बिनबोभाट आपल्या खिशात येऊन बसतो.

नंतर पाणी. बारा बाय अठराच्या पत्र्यावर इंचभर पाऊस पडला तरी पाचशे लिटर, म्हणजे गच्चीवरची एक आख्खी टाकी. पन्हळ लावली नाही तर पागोळ्या थेट शेजारच्या काकूंच्या तुळशीवर. शेजारधर्म पन्हळीपेक्षा महाग पडतो.

कंपाउंडपर्यंतची मोकळी जागा म्हणजे सामासिक अंतर. तिथं काही उभारायचं तर आधी महापालिकेत विचारून यावं, हे माझं मत. “सगळेच घालतात की,” हे फॅब्रिकेटरचं. फाटकाबाहेरच्या उताराचंही तेच. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, घर होतं तिथंच राहिलं. आता उतार बाहेर काढला तर गटारावर अतिक्रमण आणि आत घेतला तर सोळा फुटांतले तीन गेले.

शेवटी मी कागद उलटा धरला आणि खालून वर हिशेब मांडला. यंदा माती, मुरूम, काँक्रीट, पाण्याची वाट. खांब चांगल्या जाडीचे, नीट रोवून. वर तूर्त हिरवी शेडनेट. पत्रा दिवाळीच्या बोनसवर. तोवर निळा की विटकरी यावर भांडायला घरच्यांना मोकळा वेळ आहे. बाबा म्हणाले, “म्हणजे यंदा नर्सरीच दिसणार की.” दिसू दे.

पहिल्या फॅब्रिकेटरला हे अजिबात पटलेलं नाही. नुसत्या खांबांचा भाव त्यानं आता किलोवर सांगितलाय.